रेषेवरचा नमस्कार

सेंगकांग, सिंगापूर
९ मार्च २०१४

ती. बाबांना,
नीताचा साष्टांग नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज पाठवला तर आई म्हणतात, ह्यांनी फोन उशीखाली सारून ठेवलाय. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र नको असेल तर परत पाठवायला पोस्टात जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, आणि तेवढे कष्ट तुम्ही घेणार नाही याची मला खात्री आहे. शिवाय तुमचा राग माझ्यावर नाहीच. तो तुमच्या मुलावर आहे आणि माझ्या काळजीपोटी आहे. तीच तर पंचाईत आहे.

सौमित्रने बँकेतली प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी सोडली आणि इथल्या एका शाळेच्या फुटबॉल संघाचा कोच झाला, हे कळल्यावर तुम्ही त्याला फोनवर जे बोललात ते मी शेजारी बसून ऐकलं. आयुष्यभर कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली, संध्याकाळी पोरांमागे शिट्टी घेऊन धावलो, त्याची झळ तुझ्या आईने सोसली; हे सगळं डोळ्यांनी बघूनही तू बायकोच्या पासवर जगणार असशील तर मला फोन करू नकोस. तो तुमचाच मुलगा, त्यामुळे त्याने ते अक्षरशः पाळलं. आता तो करत नाही, तुम्ही करत नाही, आणि आई आणि मी आपल्या भाजीपाल्याच्या गप्पा मारत बसतो.

पासचं म्हणाल तर खरं आहे. इथे नोकरी सुटली की तिच्यासोबत मिळालेला पासही जातो. तेव्हा सौमित्र आता माझ्या पासवर ‘डिपेंडंट’ आहे, तसं त्याच्या कार्डावर छापलेलं आहे. आम्ही इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी त्याच्या पासवर डिपेंडंट होते. माझ्याही कार्डावर तेच छापलेलं होतं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नव्हतं, बाबा. खरं सांगायचं तर मलाही नाही.

माझं ठीक चाललंय. तुआसच्या कारखान्यात क्वालिटीचं काम, म्हणजे सेंगकांगहून निघायचं तर बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला मिळालं तर झोप होते. आर्यन विचारतो, “आजोबा अँग्री व्हाय? पापा नो गोल, इझ इट?” मी त्याला हो म्हणून टाकलं. खरं कारण मोठं आहे, ते आठ वर्षांच्या मुलाला कसं सांगणार?

एक गोष्ट मात्र तुम्हाला कुणी सांगणार नाही, ती मी सांगते. बँकेत असताना तुमचा मुलगा मीटिंगच्या कागदांच्या मागच्या बाजूला खेळाडूंच्या जागा आखत बसायचा. ते कागद मी पाहिले आहेत. लेफ्ट हाफच्या जागी दर वेळी स्वतःलाच घालायचा. तो तिथे तेरा वर्षं काम करत होता असं म्हणतात; मला तर तो तेरा वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला वाटायचा.

तुमची,
नीता


सेंगकांग
२७ एप्रिल २०१४

ती. बाबांना सा. नमस्कार.

आईंकडून कळलं की माझं पत्र तुम्ही वाचलंत, घडी घातलीत आणि पंचांगाच्या खाली ठेवलंत. म्हणजे तब्येत बरी आहे.

शाळांची स्पर्धा संपली. आपला संघ सगळे सामने हरला. पहिल्याच सामन्यात नऊ गोल खाल्ले. शिट्टी वाजल्यावर मी आर्यनला घेऊन गुपचूप सटकणार होते, तर हे महाशय समोरच्या संघाच्या कोचकडे जाऊन, तुम्ही पोरांना पास द्यायला कसं शिकवता म्हणून विचारत उभे. तो बिचारा आधी ओशाळला, मग कागद मागून समजावून सांगायला लागला. मला लाज वाटली आणि लगेच त्या लाजेचीच लाज वाटली.

इथली खरी अडचण वेगळी आहे. मुलगा पंधरा-सोळाचा झाला की आईबाप त्याला ट्यूशनला घालतात आणि खेळातून काढतात. सौमित्रच्या संघातली निम्मी मुलं परीक्षेच्या नावाखाली गळायला लागली. आणि इथे दुपार झाली की आभाळ गडगडतं, मैदानावर विजेचा सायरन वाजतो, आणि सायरन थांबेपर्यंत सगळ्यांनी छपराखाली बसायचं हा कडक नियम. बाकीचे कोच त्या वेळात चरफडत बसतात. तुमच्या मुलाने मुलांना सांगितलं, दप्तर मैदानावर आणायचं. सायरन वाजला की गणित. इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, फरशीवर मांडी घालून, चिखलाच्या मोज्यांसकट. इंजिनिअरिंगची डिग्री वाया गेली म्हणालात ना, ती अशी वाया चालली आहे.

आता आईबापच मुलांना विचारतात, आज प्रॅक्टिस आहे ना? काढून घेतलेल्यांपैकी तीन मुलं परत आली. एकाच्या आईने मायलोचा, म्हणजे दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा, मोठा डबा पाठवला. सौमित्रला बढती मिळाली होती तेव्हा एवढा फुगलेला मी त्याला पाहिला नव्हता. त्या डब्यासोबत त्याने फोटो काढून घेतला आहे.

तो काळा पडलाय, बाबा. मोजे काढले की घोट्याखाली गोरा आणि वर काळा. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहून हाय खाल्ली. तुम्हाला मात्र ते पाय ओळखीचे वाटले असते.

नीता


सेंगकांग
१२ एप्रिल २०१५

ती. बाबा, सा. नमस्कार.

हे पत्र आनंदाने लिहिते आहे, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घ्या.

आपला संघ चौथा आला. होय, गेल्या वर्षी नऊ गोल खाणारा तोच. उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या मिनिटांपर्यंत शून्य-शून्य होतं. मग कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर हाफिझने डोकं लावलं. हाफिझ म्हणजे आपला कप्तान, हडकुळा पोरगा, बोलतो कमी आणि धावतो फार. गोल झाल्यावर मुलं एकमेकांच्या अंगावर पडली, मिस लिम, म्हणजे संघाची जबाबदारी असलेल्या शिक्षिका, चप्पल हातात घेऊन नाचल्या. सौमित्र मात्र बर्फाच्या पेटीवर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी जवळ गेले तेव्हा डोळे पुसून म्हणाला, “बाबा असते तर म्हणाले असते, लेफ्ट हाफ उशिरा परततोय.” मी विचारलं, परतत होता का उशिरा? म्हणाला, “हो ना.”

पुढचे दोन्ही सामने हरलो, ते जाऊ दे. गेल्या वर्षी शेवटून पहिला असलेला संघ चौथा आणणारा माणूस माझा नवरा आहे, आणि हे मी तुआसच्या कँटीनमध्ये ओळखदेख नसलेल्यांनाही ऐकवलं आहे. आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनाही सांगितलं. त्यातले जे पूर्वी ‘अरेरे, सौमित्रचं असं कसं झालं’ म्हणायचे, ते आता आपली पोरं त्याच्याकडे पाठवू का विचारतात. मी म्हणते, रांगेत या.

सोबत फोटो पाठवते आहे. सामना सुरू व्हायच्या आधी मुलं मैदानात उतरतात तेव्हाचा. पांढऱ्या रेषेपाशी अकराही मुलं वाकली आहेत, हात जमिनीला लावून कपाळाला लावताहेत. सौमित्र नेहमी तसं करूनच मैदानात पाय टाकतो, तुम्ही पाहिलंच असेल. मुलांना त्याने कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी तो एकटा वाकायचा, मग हाफिझ वाकायला लागला, आणि जिंकायला लागल्यावर सगळेच. कोचचं बघून मुलं काय काय उचलतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

फोटो शाळेने आपल्या फेसबुकवरही लावला आहे. तुमच्याकडे मात्र कागदावरचा पाठवते, कारण तो पंचांगाखाली ठेवता येतो.

अभिमानाने फुगलेली तुमची सून,
नीता


सेंगकांग
२० जून २०१५

ती. बाबा,

सा. नमस्कार. आज थट्टा सुचत नाही. सरळ मुद्द्यावर येते, कारण तुमच्याकडून मला काहीतरी हवं आहे.

तो फोटो दोन मुलांच्या वडिलांनी पाहिला आणि शाळेकडे तक्रार केली. एक मशिदीत जाणारे, दुसरे चर्चमध्ये जाणारे. म्हणणं दोघांचं एकच. जमिनीला नमस्कार करणं आमच्या धर्मात बसत नाही, कोचने मुलांना हे का शिकवलं? दोघंही चांगली माणसं आहेत, आवाज चढवला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. इथल्या शाळेत सगळ्या धर्मांची मुलं शेजारी बसतात, त्यामुळे असल्या गोष्टीत शाळा फार जपून पावलं टाकते, आणि ते बरोबरही आहे.

मुख्याध्यापकांनी सौमित्रला बोलावून विचारलं, ही हिंदू प्रार्थना आहे का. हा म्हणाला, “माझे वडील मैदानात उतरताना असं करायचे. मी पाच वर्षांचा असल्यापासून करतो. देवाचं आहे का, मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.”

मिस लिम त्याच्या बाजूने आहेत. त्यांनी सुचवलं, स्ट्रेचिंगचा व्यायाम आहे असं लिहून द्या, विषय संपेल. घरी आल्यावर मीही तेच म्हटलं, अगदी काकुळतीला येऊन म्हटलं. तर म्हणतो, “स्ट्रेचिंग करताना कुणी कपाळाला हात लावतं का?” नाही म्हणजे नाही. मुलांना यापुढे करू नका असं त्याने सांगितलं आहे. पण जे केलं ते काय होतं, हे खरं सांगता येईपर्यंत काहीच लिहून देणार नाही म्हणतो. जुलैअखेर पालकांची बैठक आहे. तोवर त्याची पुढच्या वर्षीची नेमणूक थांबवून ठेवली आहे.

नेमणूक गेली तर दुसरी शाळा त्याला घेणार नाही. असं बोलणं पसरायला इथे वेळ लागत नाही. काल त्याने लॅपटॉपवर जुना बायोडाटा उघडला. बँकेतल्या नोकरीचा. मला पाहून मिटला, पण मी पाहिलं. गेलं सव्वा वर्ष मी तुम्हाला जी काही फुशारकी मारत लिहीत होते ना, ती सगळी त्या उघड्या बायोडाट्यापाशी येऊन थांबली. तो पुन्हा त्या बाकावर जाऊन बसला तर तुम्हाला आनंद होईल का, बाबा? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

त्याला ही गोष्ट सांगू शकेल असा एकच माणूस आहे. तो तुम्हाला फोन करणार नाही, कारण तुम्ही करू नकोस म्हणालात. मला तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. म्हणून मी विचारते. तुम्ही मैदानात उतरताना वाकून कुणाला नमस्कार करायचात?

नीता


पुणे
४ जुलै २०१५

चि. सौ. नीता हिस अनेक आशीर्वाद.

तुझी चारही पत्रं मिळाली. पोच दिली नाही. विचारलंस म्हणून लिहितो.

नमस्कार कुणालाच करत नव्हतो.

मी कॉलेजच्या संघात सेंटर हाफ होतो तेव्हा आमचं मैदान बरं होतं. पुढे कॉलेजची नवी इमारत झाली आणि बांधकामाचा सगळा राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, खडी, काचा, मैदानावर पसरून वर माती ओढली. दर पावसानंतर ते वर यायचं. मी कोच झालो त्या साली आमचा गोलकीपर काचेवर पडला आणि त्याच्या मनगटाची शीर कापली गेली. त्यानंतर मी नियम केला. जो रेषा ओलांडेल त्याने वाकून एक खडा किंवा काच उचलायची, खिशात घालायची आणि मगच पुढे जायचं. कोचने सर्वांत आधी. रोज वीस-बावीस जणांनी एकेक उचलला तरी काही वर्षांत मैदान साफ होतं. तसं ते झालं. देवाचा संबंध नाही. देवाला मी घरी नमस्कार करतो.

कपाळाला हात लावत होतो असं तू लिहितेस. त्याचा मी बराच विचार केला. तो माझा चष्मा असणार. वाकलं की नाकावरून घसरायचा, तो मी बोटाने वर सारत असे. सौमित्रला शाळा सुटल्यावर मी मैदानाच्या कडेला बसवत असे. लांबून त्याला जे दिसलं ते त्याने घेतलं.

तो माझ्या हाताखाली कॉलेजात खेळायला आला तोवर गवत आलं होतं, खडे संपले होते, नियमही बंद झाला होता. तो रेषेपाशी वाकून नमस्कार करी तेव्हा मला वाटे, त्याच्या आईचं, सुलेखाचं वळण आहे, चांगलं आहे. मी विचारलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

शाळेसाठी हेच इंग्रजीत वेगळ्या कागदावर टाईप करून सही केली आहे. कारकुनीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

दुसरं. फोटो आला त्या दिवशी मी सुलेखाला म्हणालो, तू जे सोसलंस ते आता नीता सोसते आहे. तिने विचारलं, मी काय सोसलं? मी म्हणालो, माझं फुटबॉल. ती म्हणाली, “तुमचं फुटबॉल मी पाहिलंय कुठे? एकदा तरी मला मैदानावर नेलंत?” मला वाटत होतं तिला त्याचा तिटकारा आहे.

फोटोतल्या डावीकडून तिसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी सैल आहे. अशाने घोटा मुरगळतो.

चौथा क्रमांक चांगला आहे. हे तू त्याला सांगू नकोस. मी सांगेन.

पद्माकर


सेंगकांग
१६ ऑगस्ट २०१५

ती. बाबा, 
सा. नमस्कार.

बैठकीचं सौमित्रने तुम्हाला सांगितलंच असेल, पण तो काय सांगणार, लेफ्ट हाफ कुठे उभा होता ते सांगेल. म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र मी त्याला जेवणाच्या टेबलावर दिलं आणि मुद्दाम भांडी घासत पाठमोरी उभी राहिले. मग तो हसायला लागला. चष्मा, चष्मा, असं म्हणत इतका हसला की आर्यन खोलीतून धावत आला. त्यानंतर तेच पत्र घेऊन तो गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मीही बोलवायला गेले नाही. सध्या सिंगापूरला पन्नास वर्षं झाली म्हणून गॅलऱ्यागॅलऱ्यांतून झेंडे लावले आहेत, त्यांच्यामागे तो पाठ करून उभा होता, एवढंच मला दिसत होतं.

बैठकीत त्याने तुमचा इंग्रजी कागद उभं राहून वाचला. चष्म्याशी आल्यावर तक्रार करणाऱ्यांपैकी एकजण, जे तुआसलाच जहाज दुरुस्तीच्या यार्डात काम करतात, मोठ्याने हसले. त्यांच्या वडिलांचा चष्मा म्हणे दोरीने बांधलेला असायचा. स्ट्रेचिंगची सूचना त्यांच्याही कानावर गेली असावी; ते सौमित्रला म्हणाले, “कोच, तुम्ही स्ट्रेचिंग म्हणून सांगितलं असतंत तर मी माझा मुलगा संघातून काढला असता.” हे ऐकून मी टेबलाकडे बघत बसले, कारण स्ट्रेचिंग म्हण असं त्याला विनवणारी मी तिथेच होते.

नेमणूक झाली. एका वर्षाची नव्हे, दोन वर्षांची. मुलांनी परस्पर ठरवलंय की आता रेषेपाशी वाकून सरबताच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, जे पडलेलं असेल ते उचलायचं. हाफिझ म्हणाला, “ग्रँडपा कोचचा रूल, मस्ट फॉलो लाह.” कपाळाला हात कुणी लावत नाही. सौमित्रचा तेवढा अजून जातो. मी बघितलं की म्हणतो, चष्मा वर करतोय. त्याला चष्मा नाही हे तुम्हाला माहीत आहे.

आणि मग बैठकीनंतरच्या रविवारी तुमचा फोन आला. मी शेजारच्या खोलीत होते. माझी अपेक्षा होती की तुम्ही दोघं दीड वर्षाचं काहीतरी बोलाल. तुम्ही बोललात मधल्या फळीबद्दल, मग कॉर्नरबद्दल, मग पुन्हा मधल्या फळीबद्दल. शेवटी तो “हो, बाबा,” एवढंच म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर मला येऊन म्हणाला, “चौथा चांगला आहे म्हणाले.” एकोणचाळीस वर्षांचा माणूस, बाबा. दारात उभा राहून रडत होता आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं.

तेव्हा आता तिकीट काढा. स्पर्धा जानेवारीत सुरू होते. पहिल्या सामन्याला तुम्ही दोघं हवे आहात. तुम्ही कडेला उभे राहा, नाहीतरी तुम्हाला बसून सामना बघता येत नाही. आईंची जागा सौमित्रने संघाच्या बाकावर धरली आहे, स्वतःच्या शेजारी. मिस लिमना विचारून ठेवलंय.

एक सांगायचं राहिलं. ते सांगू नकोस असं आईंनी बजावलं होतं, पण तुम्हाला कळलेलं बरं. काल तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा त्यांनी मला फोन केला. आधी हवा कशी आहे विचारलं, मग भाव विचारले, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, “नीता, फुटबॉलच्या मैदानावर बायका काय नेसून जातात गं?”

मी त्यांना सांगितलं, आपल्या संघाचा रंग निळा आहे.

नीता